‘बांधणी पूर्ण’ म्हणणारा माझा प्रोग्राम

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरच्या कामावर लिहा. पण सोपं लिहा, आणि जरा गमतीचं लिहा." सोपं लिहिते. गमतीचं काय ते आधीच उरकून घेते, कारण पुढे ते जमणार नाही.

मंचरला खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी लोणीची. कॉलेज संपल्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे शिकवायला लागले आणि शिकवता शिकवता प्रोग्राम लिहायला लागले. दूध संस्था, शाळा, पतसंस्था, कोण कोण यायचे. एका चेअरमनसाहेबांना प्रत्येक पानावर स्वतःचा फेट्यातला फोटो हवा होता. मी म्हटलं, साहेब, मशीन हळू होईल. म्हणाले, "होऊ द्या की, आम्हाला कुठं पळायचंय?" एका मुख्याध्यापकांनी दसऱ्याला कीबोर्डची एवढी मनापासून पूजा केली की पुढचे चार महिने ‘क’ दाबला की हळदीचा वास यायचा. मी तोंडाची तिखट. त्यांना म्हटलं, सर, पुढच्या वर्षी लांबून नमस्कार करा. ते बिचारे हसले.

आता माझं काम सांगते. दोन हजार सालानंतर पाटाखालच्या गावांत पाणी वापर संस्था निघाल्या. धरणातून पाटाला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. ते ठराविक दिवसच असतं, मग दारं बंद. तेवढ्या दिवसांत प्रत्येक शेतकऱ्याची पाळी लावायची. कुणी कधी दार उघडायचं, किती तास, मग पुढचा कोण. या यादीला पाळीपत्रक म्हणतात. हे हाताने लिहायचे तेव्हा गावोगाव डोकी फुटायची. याची पाळी वर कशी गेली, त्याचा तास कमी कसा झाला. म्हणून संस्थांनी ठरवलं की यादी कॉम्प्युटरने काढायची. मशीनला भाऊबंद नसतात.

हा प्रोग्राम मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. आमच्याकडे अशी सहा गावं होती. प्रत्येक गावाचे नियम वेगळे, म्हणून प्रत्येक गावाचा प्रोग्राम वेगळा तयार करावा लागायचा. त्याला बांधणी म्हणायचे मी. बांधणीचं खरं काम करायची एक स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे कामांची यादी: हे नियम घे, जुळव, एक फाइल कर, ती गावाच्या फोल्डरमध्ये जुन्या फाइलच्या जागी ठेव. आणि ती स्क्रिप्ट चालवायला मी आणखी एक जावा प्रोग्राम लिहिला. त्यात गाव निवडायचं, बटण दाबायचं. तो प्रोग्राम बाहेरच्या स्क्रिप्टला कामाला लावायचा, ती परत येईपर्यंत थांबायचा आणि पडद्यावर हिरव्या अक्षरात लिहायचा, ‘बांधणी पूर्ण’. फार अभिमान होता मला त्या हिरव्या अक्षरांचा.

सुरुवातीला तो मध्येच अडकायचा. स्क्रिप्ट काम करताना बडबड करते, काय चाललंय ते सांगत राहते. ते ऐकून घेणं हे तिला बोलावणाऱ्या प्रोग्रामचं काम. नाही ऐकलं तर तिचं बोलणं साठत जातं, आणि जागा भरली की ती थांबून राहते. हा म्हणतो ती परत आली की बघू, ती म्हणते माझं ऐकल्याशिवाय पुढे जाणार नाही. दोघं बसले एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मला हे समजायला चार दिवस गेले. समजल्यावर नीट उपाय करायचा तर तिचं बोलणं वाचणारी वीसेक ओळींची भर घालायला हवी होती. मी एका ओळीत तिचं तोंडच बंद केलं. जे बोलशील ते कुठेच जाणार नाही, अशी सोय केली. अडकणं थांबलं. सरांनी शाबासकी दिली.

दुसरीही एक गोष्ट मी केली नाही. स्क्रिप्ट परत येते तेव्हा एक आकडा हातात देते. शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काही असलं तर बिघडलं. मी तो आकडा कधी बघितलाच नाही. गिरणीत पाठवलेला माणूस दारात दिसला की दळण आलं म्हणायचं, डबा उघडायचा नाही, असला तो प्रकार.

आळ्याच्या बाजूच्या एका गावाची संस्था होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले सचिव नामदेवअण्णा. साठीला आलेले, सातवी शिकलेले, अक्षर छापल्यासारखं. हाताने यादी लिहायचे तेव्हापासून तेच सचिव. कॉम्प्युटर शिकायला मंचरला आले तेव्हा वहीत सगळं लिहून घ्यायचे, अगदी ‘उजवीकडचं बटण दाबू नये’ हेसुद्धा. मला म्हणायचे, "ताई, तुमी रागवा, पण परत सांगा." मी रागवायचे आणि परत सांगायचे. दोन महिन्यांत स्वतः सीडी घालून प्रोग्राम बसवायला शिकले.

पाटाच्या सुरुवातीला ज्यांची शेती त्यांना हेडचे म्हणतात, शेवटी ज्यांची त्यांना टेलचे. पाणी हेडकडून येतं. वरच्यांनी आधी घेतलं की टेलला पोचेपर्यंत आवर्तन संपलेलं असतं. पिढ्यान् पिढ्या हेच. अण्णांचं रान हेडला, पहिल्याच दाराखाली. तरी त्या वर्षी संस्थेच्या सभेत अण्णांनीच विषय मांडला की यंदाच्या उन्हाळी पाण्याला यादी उलटी लावायची, आधी टेल आणि मग वर. हेडच्या लोकांनी खूप दंगा केला. अण्णा म्हणाले, "माझं रान पहिलं हाय. माझी पाळी शेवटाला टाका, मग तुमचं बोला." ठराव झाला.

मी नियम बदलून लिहिला. चाचणी घेतली, यादी टेलपासून बरोबर आली, ती छापून फाइलला लावली. मग सरांना फरक दाखवायला मागच्या वर्षीचा प्रोग्राम गावाच्या फोल्डरमधून उघडला. सर म्हणाले, छान. मी ती खिडकी बंद न करता खाली लपवली आणि बांधणीचं बटण दाबलं. ‘बांधणी पूर्ण.’ त्याच फोल्डरमधून सीडी केली, वर मार्करने लिहिलं, ‘नवीन, टेलकडून’, आणि एसटीच्या कंडक्टरकडे दिली.

पाणी सुटायच्या सकाळी अण्णांचा फोन. "ताई, यादी हेडकडूनच येतीये."

"असं कसं येईल? नवीन प्रोग्राम बसवला का?"

"बसवला की. दोनदा बसवला."

"माझ्याकडे बरोबर येतंय, अण्णा. माझ्यासमोर छापलेला कागद आहे. तुम्ही जुनीच सीडी घातली असेल."

"न्हाई वो. तुमच्याच अक्षराची हाय. मंग हातानं लिहू का यादी?"

"हाताची यादी धरायची नाही असा तुमचाच नियम आहे ना? नीट बसवा परत." आणि मी फोन ठेवला. माझा क्लास चालू होता, वीस मुलं समोर बसलेली. पण ती सबब झाली. खरं म्हणजे मला राग आला होता, की हा माणूस माझ्या कामात चूक काढतोय.

अण्णांनी पुन्हा बसवला, पुन्हा तेच. तोवर पाटाला पाणी आलेलं, हेडचे लोक यादी घेऊन दारावर गेलेले. यादीत त्यांचंच नाव वर, ते कशाला थांबतात? पाणी खाली सरकत गेलं, आणि टेलच्या अलीकडे असतानाच वरून बंद झालं. टेलच्या सगळ्यात शेवटच्या रानात हौसाबाईंचा कांदा होता. एकट्या बाईने लावलेला. गाठ धरायच्या वेळेला पाणी चुकलं आणि पात पिवळी पडून जागेवर बसली.

आठवड्याने देवळाच्या मंडपात सभा झाली. मला बोलावलं. संस्थेची खोली शेजारीच, मी आधी तिथलं मशीन बघितलं. मशीनवर मागच्या वर्षीचा प्रोग्राम होता. मी बाहेर येऊन सांगितलं, "मी नवीन दिला होता. हा माझ्याकडचा कागद, टेलकडून. मशीनवर मात्र जुना आहे." एवढंच बोलले. चोर हा शब्द मी उच्चारला नाही. पण अख्ख्या मंडपाने अण्णांकडे बघितलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "कॉम्प्युटर चुकत नाय, राव. माणूस चुकतो."

"पयल्या दाराखाली रान कुणाचं हाय, ते बघा की!"

हौसाबाई उठल्या. अण्णांच्या समोर जाऊन म्हणाल्या, "अण्णा, तुमी सभेत आमच्या बाजूनं बोलला तवा मी घरी जाऊन देवाला साखर ठिवली व्हती. असं करायचं व्हतं तर बोलायचं कशाला?"

अण्णांनी खिशातून सीडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "ताई, ही तुमची सीडी. मशीन तिथं हाय. घाला आन बघा."

एका मिनिटाचं काम होतं. मी ती हातात घेतली नाही. म्हणाले, "मी दिलेली सीडी मी काय बघायची, अण्णा?"

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते. स्वतःवर विश्वास असणं वेगळं. मी त्या दिवशी एका माणसाच्या अब्रूपेक्षा माझी हिरवी अक्षरं मोठी मानली.

अण्णांनी राजीनामा दिला. पुढच्या आवर्तनात त्यांनी आपली पाळी हौसाबाईंच्या नावाने लिहून दिली आणि स्वतःचं रान कोरडं ठेवलं. का, तर त्यांच्या सहीच्या यादीमुळे बाईचं पीक गेलं म्हणून. गाव म्हणालं, "बघा, पाप धुतोय." आणि हे कानावर आलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

वर्षाने मी आंबेगाव तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावाची बांधणी करत होते. पुन्हा जुना प्रोग्राम उघडा राहिला होता. ‘बांधणी पूर्ण’ आलं. सहज फाइलची तारीख बघितली तर ती मागच्या वर्षीची. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ‘पूर्ण’, पुन्हा जुनीच तारीख. मग स्क्रिप्टच्या तोंडावर बांधलेलं फडकं सोडलं आणि ती काय म्हणते ते पहिल्यांदा वाचलं. ती म्हणत होती, ही फाइल दुसरं कुणीतरी वापरत आहे, त्यामुळे नवीन ठेवता आली नाही. उघड्या फाइलवर विंडोज दुसरी फाइल ठेवू देत नाही. हे मी क्लासमध्ये मुलांना शिकवायचे. हातात दिलेला आकडा बघितला. शून्य नव्हता. वर्षभरापूर्वीही नसणार.

सरांना सांगितलं. त्यांनी क्लासचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "कबूल करायलाच हवं. पण शब्द जपून वापर. अजून पाच गावं आहेत आपल्याकडे." सर वाईट नव्हते. घाबरले होते. मीही घाबरले होते.

आधी अण्णांकडे गेले. ते रानात बांध नीट करत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रडतच सांगितलं. त्यांनी खोरं बाजूला ठेवलं आणि ऐकून घेतलं. म्हणाले, "मला कशाला सांगती, पोरी? मला ठावं व्हतंच की, म्या काय केलं न्हाई ते. ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांग. सभेत सांग."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला पोरी म्हटलं होतं. मी म्हटलं, सांगते.

सभेला अण्णा आले नाहीत. राजीनाम्यानंतर त्या मंडपाची पायरी ते चढलेच नव्हते. मी उठले आणि सरांबरोबर बसून लिहिलेला कागद वाचला. "गेल्या वर्षी काही तांत्रिक अडचणीमुळे प्रणाली अद्ययावत होऊ शकली नाही व जुन्या स्वरूपातील पाळीपत्रक छापले गेले. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." चेअरमन म्हणाले, "बरं बरं, झालं गेलं." पुढचा विषय निघाला, पाटाच्या दुरुस्तीचा. मागे बायकांत बसलेल्या हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काहीतरी विचारायचं असावं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

वाटेत अण्णांच्या रानाशी थांबले.

"सांगितलं का?"

"सांगितलं, अण्णा."

"समद्यांला समजलं ना?"

"हो. झालं सगळं."

ते हसले. म्हणाले, "मंग बास. च्या घिऊन जा." मी त्यांच्या घरी चहा घेतला. निघताना त्यांनी ती सीडी आणून दिली, कापडात गुंडाळलेली. "तुमची वस्तू," म्हणाले.

त्यानंतर मी प्रोग्राम नीट केला. त्या वीस ओळी लिहिल्या. स्क्रिप्टचं बोलणं सगळं वाचून फाइलमध्ये ठेवायचं, आकडा तपासायचा, शून्य नसेल तर लाल अक्षरात सांगायचं. फाइलची तारीखही बघायची. आणि सीडी पाठवणं बंद केलं. स्वतः एसटीने गावात जायचं, त्यांच्या मशीनवर यादी काढायची आणि ज्याचं नाव पहिलं त्याला वाचायला लावायचं. लोक म्हणायचे, मॅडम लई किचकट. असू दे म्हटलं. त्यानंतर सहा गावांपैकी एकातही चुकीची यादी लागली नाही. हे मी थोड्या ताठ मानेने सांगू शकते, पण फार ताठ नाही.

पाच-सहा वर्षांनी अण्णा गेले. झोपेतच गेले म्हणे. मी दहाव्याला गेले. आमच्या भागात दहाव्याला नदीवर भाषणं होतात. नातेवाईक, गाववाले, पुढारी, एकेक जण माइक हातात घेऊन गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. पुरुष पुढे, बायका मागे पायऱ्यांवर. त्या दिवशीही झाली. एक जण म्हणाला, अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. एक म्हणाला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग गावातलेच एक वयस्कर गृहस्थ उठले, मनापासून गहिवरून बोलले आणि शेवटी म्हणाले, "ती एक पाण्याची भानगड सोडली, तर नामदेवअण्णा म्हंजी सोनं व्हतं सोनं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. अण्णांचा मुलगा पुढे टोपी काढून उभा होता. त्याने मान खाली घातली.

म्हणजे कुणालाच समजलं नव्हतं! अण्णांनी मला तोंडावर विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तांत्रिक अडचण म्हणे! अडचण कसली, मी होते ती.

मी पायऱ्या उतरून पुढे गेले. बायका सहसा बोलत नाहीत तिथे. माइकवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी हात पुढे केला, त्याने दिला. म्हटलं, "मी मंचरची कॉम्प्युटरवाली. पाळीपत्रकाचा प्रोग्राम माझा होता. नवीन प्रोग्राम जुन्याच्या जागी बसलाच नव्हता. मी न बघता जुनाच सीडीत भरून पाठवला. अण्णांनी मला फोन करून सांगितलं, मी ऐकलं नाही. सभेत सीडी पुढे धरली, मी हातात घेतली नाही. नंतर चूक कळली तेव्हा असे शब्द वापरले की तुम्हाला कुणाला काही कळू नये. अण्णांनी यादीला हात लावला नव्हता. भानगड माझी होती." माझा आवाज नदीच्या पलीकडे जाऊन परत येत होता.

माइक दिला. परत जागेवर जाऊन बसायचा धीर नव्हता आणि निघून जायचाही नव्हता. हौसाबाई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, आता बऱ्याच वाकलेल्या. मी त्यांच्यापाशी खाली बसले.

म्हटलं, "मावशी, मी आत्ता काय बोलले ते सांगा मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पदराने तोंड पुसलं.

"अण्णानं काय केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू केलं व्हतंस. आन मी त्या देवमाणसाला भर मंडपात नको ते बोलले."

"हो," मी म्हटलं. "बरोबर."